गोधडीचे कर्तृत्व

१

भारतीय साहित्याच्या एकतेविषयी चर्चा निघाली की गोधडीचे रूपक हमखास पुढे येते. वेगवेगळ्या रंगपोतांचे तुकडे, त्यांना सांधणारा दोरा आणि त्यांतून सिद्ध होणारी एकच ऊबदार वस्तू, अशी ही प्रतिमा आहे. भारतीय साहित्य अनेक भाषांत लिहिले जात असले तरी ते एकच आहे, ही साहित्य अकादमीची मूळ भूमिका स्पष्ट करण्यास ती सोयीची पडते. आणि सोयीची असल्यामुळेच ती फारशी तपासली जात नाही. या रूपकात तुकडे असतात, दोरा असतो; शिवणारे हात मात्र नसतात. ते हात कोणाचे, वर्षाच्या कोणत्या काळात ते मोकळे होतात आणि शिवून झालेली वस्तू कोणाच्या अंगावर पडते, हे प्रश्न रूपक उच्चारताच बाजूला सारले जातात.

साहित्याच्या अभ्यासकाला गोधडीपासून काही शिकायचे असेल, तर ते तिच्या रंगसंगतीपेक्षा तिच्यामागील कर्तृत्वाच्या व्यवस्थेपासून शिकले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. एका वस्तूवर अनेकांनी काम करणे, त्या कामाचा काळ ठरविणे, त्याची नोंद ठेवणे आणि ती वस्तू समाजाच्या उपयोगी लावणे, या चारही गोष्टींना जेथे संस्थेचे रूप आले आहे असे एक ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील गावोगावची क्विल्ट-मंडळे, म्हणजे तेथील भाषेत ‘गिल्ड’. वर तुकडे जोडून केलेला पदर, मध्ये कापसाचा वा लोकरीचा थर, खाली अस्तर आणि हे तिन्ही धरून ठेवणारे टाके, म्हणजे क्विल्ट. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे पदर एकावर एक अंथरून शिवलेल्या आपल्या गोधडीची ती सख्खी नसली तरी चुलतबहीण खचितच आहे. या मंडळांकडे प्रथम पाहू आणि नंतर तोच प्रश्न आपल्या घरी विचारू.

२

जुन्या काळी अमेरिकेतील ग्रामीण भागात तुकडे जोडण्याचे काम घरोघर एकेकटीने, बहुधा हिवाळ्याच्या लांब रात्रींत होत असे. तिन्ही थर लाकडी चौकटीवर ताणून टाके घालण्यासाठी मात्र शेजारणी बोलावल्या जात. या मेळाव्याला ‘क्विल्टिंग बी’ म्हणत. हॅरिएट बीचर स्टो यांच्या १८५९ च्या ‘द मिनिस्टर्स वूइंग’ या कादंबरीत असा एक मेळावा आला आहे, आणि त्यात शिवणाइतकेच बोलण्यालाही महत्त्व आहे. आजची मंडळे या मेळाव्यांची थेट वारस नाहीत. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने क्विल्टी चित्रांप्रमाणे भिंतीवर टांगून प्रदर्शन भरविले. १९७६ मध्ये अमेरिकी स्वातंत्र्याची द्विशताब्दी साजरी झाली. या काळात जुन्या हस्तकौशल्यांविषयी जो नवा उत्साह निर्माण झाला त्यातून ती गावोगाव उभी राहिली. ब्रिटनमधील मंडळाची स्थापनाही १९७९ ची आहे.

अशा मंडळाचे वर्ष बहुधा शरद ऋतूत सुरू होते. महिन्यातून एकदा चर्चच्या तळघरात किंवा सार्वजनिक ग्रंथालयाच्या दालनात सभा भरते. हिवाळ्यात दिवसभराची शिवणसत्रे होतात आणि त्यांत दानासाठीच्या क्विल्टी पुऱ्या केल्या जातात. वसंतात किंवा पुढच्या शरदात प्रदर्शन भरते. सर्वांनी मिळून शिवलेली एक क्विल्ट सोडतीस लावून पैसा उभा केला जातो. उन्हाळ्यात काही मंडळे सुटी घेतात. ठिकाणागणिक फरक असतो. पण अध्यक्ष, कोषाध्यक्ष, सभेचे वृत्त आणि दानाची मोजदाद ही व्यवस्था बहुतेक ठिकाणी असते. दान जाते ते रुग्णालयातील अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना, निराधार स्त्रियांच्या आश्रयगृहांना, आगीत किंवा पुरात घर गमावलेल्यांना. आजारी व संकटग्रस्त मुलांना पांघरुणे देणारे ‘प्रोजेक्ट लायनस’ १९९५ मध्ये आणि युद्धावरून परतलेल्या सैनिकांना क्विल्टी देणारे ‘क्विल्ट्स ऑफ व्हेलर’ २००३ मध्ये सुरू झाले. स्थानिक मंडळांचे पुष्कळसे काम अशा व्यापक उपक्रमांशी जोडलेले असते.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे दोन प्रथांकडे लक्ष दिले पाहिजे. पहिली, प्रत्येक सभेच्या अखेरीस सभासदाने आपले पुरे झालेले काम उभे राहून दाखविणे आणि त्याची हकीकत सांगणे. कापड कोणाच्या अंगरख्याचे, नक्षी कोणाकडून घेतली, टाके कोठे उसवावे लागले, वस्तू कोणासाठी केली, असा या कथनाचा ठरीव आराखडा असतो. मौखिक कथनप्रकार म्हणून अभ्यासावा इतका तो घट्ट आहे. दुसरी प्रथा म्हणजे एकीने मधला चौकोन करून दुसरीकडे द्यावा, दुसरीने त्याभोवती किनार जोडून तो तिसरीकडे पाठवावा, आणि अशा रीतीने तो सर्वांच्या हातांतून फिरून मूळ मालकिणीकडे परत यावा. संस्कृत आणि देशी भाषांतील समस्यापूर्तीची परंपरा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा खेळ परका वाटू नये. दिलेला चरण आणि त्यावर उभे केलेले पुरण यांचे नाते दोन्हीकडे तेच आहे: पुढची व्यक्ती मोकळी असते, पण आधीच्या व्यक्तीला बांधील असते.

३

या परंपरेत समाजसेवा आणि लेखन यांची गाठ फार जुनी आहे. बोस्टनमधील गुलामगिरीविरोधी स्त्रियांनी १८३६ मध्ये निधीसाठी जो विक्रीमेळा भरविला, त्यासाठी केलेली पाळण्यातील बाळाची एक क्विल्ट आजही जतन केलेली आहे. तिच्या मध्यावर शाईने काही पद्यपंक्ती लिहिलेल्या आहेत. आपल्या बाळाला पांघरूण घालणाऱ्या आईने, जिचे मूल तिच्यापासून हिरावले जाते त्या गुलाम आईची आठवण करावी, असा त्यांचा आशय आहे. पांघरूण येथे विनंतिपत्रही झाले आहे. १८४० च्या दशकात न पुसणारी शाई सुलभ झाल्यावर स्नेहाच्या क्विल्टींची लाट आली. पश्चिमेकडे कायमचे स्थलांतर करणाऱ्या मैत्रिणीला देण्यासाठी प्रत्येकीने एकेक चौकोन शिवून त्यावर आपले नाव लिहावयाचे, अशी ही प्रथा होती. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात सैनिकांसाठी क्विल्टी शिवल्या गेल्या. पहिल्या महायुद्धात रेडक्रॉससाठी वेगळीच युक्ती निघाली: ठरावीक पैसे देणाऱ्याचे नाव क्विल्टीवर भरतकामाने काढावयाचे. नक्षी जवळजवळ नाहीशी झाली. उरली ती नावांची रांग.

पुढे १९८७ च्या ११ ऑक्टोबरला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर एड्सने मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणार्थ केलेली क्विल्ट प्रथम अंथरली गेली. तिचे १९२० भाग होते. प्रत्येक भाग तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब, म्हणजे साधारणपणे थडग्याएवढा. ज्या रोगाचे नाव घेण्यास कुटुंबे कचरत होती, त्या रोगाने गेलेल्या माणसांची नावे येथे राजधानीच्या मध्यभागी जमिनीवर मांडली गेली.

या सर्व उदाहरणांत क्विल्टीवर नाव आहे, पण ते प्रत्येक वेळी वेगळ्या अधिकाराने आले आहे. स्नेहाच्या क्विल्टीवर ते करणारीचे आहे, रेडक्रॉसच्या क्विल्टीवर देणाऱ्याचे आहे, एड्सच्या क्विल्टीवर मृताचे आहे. नाव कोणाचे घालावयाचे याचा निर्णय त्या त्या समूहाने जाणतेपणाने घेतला. आजची मंडळेही आपल्या सभासदांना क्विल्टीच्या पाठीवर एक चिठ्ठी शिवण्याचा आग्रह धरतात: कोणी शिवली, कोठे, कोणत्या वर्षी, कोणासाठी. १९८१ मध्ये केंटकी राज्यात जुन्या क्विल्टींची पद्धतशीर नोंद करण्याचा प्रकल्प सुरू झाला आणि पाठोपाठ इतर राज्यांत तशीच कामे उभी राहिली. ठरावीक दिवशी लोकांनी घरातील क्विल्टी सार्वजनिक ठिकाणी आणावयाच्या, त्यांचे छायाचित्र व मोजमाप घ्यावयाचे, आणि त्यांच्यामागची माहिती लिहून घ्यावयाची, अशी त्यांची पद्धत होती. स्थानिक स्त्रियांनी केलेले हे वाङ्मयेतिहासाचेच काम आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

४

याचा अर्थ ही मंडळे निर्दोष आहेत असा नव्हे. त्यांचे सभासदत्व मुख्यतः प्रौढ वयाच्या मध्यमवर्गीय स्त्रियांचे राहिले आहे, आणि सेवा करणारा वर्ग व सेवा घेणारा वर्ग यांतील अंतर पांघरुणाने झाकले जाते, मिटत नाही. विशेष हे की, या मर्यादेची जाणीव अमेरिकी साहित्याला फार आधी झाली. सुझन ग्लास्पेल यांची ‘ट्रायफल्स’ ही एकांकिका १९१६ ची आहे. पतीच्या खुनाचा आरोप असलेल्या शेतकरी स्त्रीच्या स्वयंपाकघरात पुरुष पुरावा शोधत हिंडतात. दोन स्त्रियांच्या हाती तिची अर्धवट राहिलेली क्विल्ट लागते. तिच्यातील एका ठिकाणचे बिघडलेले टाके पाहून त्या स्त्रीच्या मनाची अवस्था त्यांना उमगते, आणि त्यांपैकी एक ते टाके उसवून नीट घालू लागते. पुराव्याचे वाचन आणि पुराव्याचा नाश एकाच हालचालीत घडतो. या एकांकिकेवर विपुल लिहिले गेले आहे; पण एका तपशिलाकडे माझ्या मते पुरेसे लक्ष जात नाही. ती आरोपी स्त्री गावातील स्त्रियांच्या सेवामंडळात नव्हती, कारण तेथे जाण्याजोगे कपडे आणि द्यावयास पैसे तिच्याजवळ नव्हते, असे शेजारीण सुचविते. तिची क्विल्ट एकटीची आहे. गावात सेवेची संस्था होती; जिला तिची सर्वांत अधिक गरज होती ती स्त्री मात्र तिच्या उंबरठ्याबाहेर राहिली.

उंबरठ्याबाहेरच्यांनी स्वतःची संस्था काढली तर काय होते, याचे उत्तर अलाबामा राज्याच्या विल्कॉक्स परगण्यात मिळते. मतदार म्हणून नाव नोंदविल्याबद्दल तेथील कृष्णवर्णीय कुटुंबांना कसण्याच्या जमिनीवरून आणि घरांतून हुसकावले जात होते. १९६६ मध्ये त्या भागातील स्त्रियांनी, फ्रान्सिस वॉल्टर या धर्मोपदेशकाच्या साह्याने, ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था स्थापिली. तिने न्यूयॉर्कमध्ये क्विल्टी विकल्या, शिवणकेंद्र बांधले, जमीन घेऊन हुसकावलेल्या कुटुंबांना घरासाठी जागा दिल्या, मुलांसाठी पाळणाघर चालविले. येथे देणारी आणि घेणारी एकच होती. पण या संस्थेलाही किंमत मोजावी लागली. १९७२ मध्ये सिअर्स या मोठ्या व्यापारी कंपनीचे काम मिळाले तेव्हा नियमित मजुरी आली, मात्र शिवावयाचे ते ठरलेल्या मापाचे आणि ठरलेल्या आराखड्याचे. जुन्या कपड्यांतून हाताला सुचेल तशी नक्षी करण्याची मोकळीक तेथे उरली नाही. २०१२ मध्ये ही संस्था बंद झाली. तत्पूर्वी, २००२ पासून, याच परिसरातील गीज बेंड वस्तीच्या क्विल्टी मोठ्या संग्रहालयांत शिवणाऱ्यांच्या नावांनिशी लागल्या, आणि २००६ मध्ये त्यांची चित्रे टपालतिकिटांवर आली. २००७ मध्ये काही जणींनी मोबदला व हक्क यांविषयी न्यायालयात दावे दाखल केले. ते पुढील वर्षी मिटले. नाव लागले की हक्काचा प्रश्न उभा राहतोच, आणि तो उभा राहावा हेच योग्य आहे.

अ‍ॅलिस वॉकर यांची १९७३ ची ‘एव्हरीडे यूज’ ही कथा याच पेचावर उभी आहे. शहरात शिकलेल्या मुलीला आजीच्या क्विल्टी भिंतीवर टांगण्यासाठी हव्या आहेत. घरी राहिलेली बहीण त्या रोज वापरील आणि फाडील, अशी तिला धास्ती वाटते. घरी राहिलेल्या मुलीला मात्र क्विल्ट शिवता येते. फाटली तर ती दुसरी करू शकते. परंपरा जपणे म्हणजे वस्तू जपणे की ती घडविणारे हात जपणे, हा प्रश्न लेखिकेने विचारला, आणि आई क्विल्टी कोणाला देते यातून त्याचे उत्तरही दिले.

५

आता हाच प्रश्न आपल्या परंपरेला विचारू. एकत्र शिवणे ही परदेशी कल्पना आहे, असा समज असल्यास तो प्रथम दूर केला पाहिजे. सामूहिक शिवणाची एक अत्यंत जुनी आणि नियमबद्ध नोंद भारतीयच आहे. विनयपिटकातील महावग्गात भिक्षूंचे चीवर कापलेल्या तुकड्यांचे असावे असे सांगितले आहे, आणि मगधातील बांधांनी विभागलेली भातशेते पाहून आनंदाने त्याचा आराखडा केला, अशी कथा आहे. वर्षावास संपल्यावर, आश्विन पौर्णिमेनंतरच्या महिन्यात, दान मिळालेल्या कापडाचे चीवर संघाने त्याच दिवशी पुरे करावयाचे, या विधीला ‘कठिन’ म्हणतात. ज्या चौकटीवर कापड ताणून शिवत तिचेही तेच नाव. चुल्लवग्गात या चौकटीविषयी आणि सुई-अंगुस्तानाविषयी नियम आहेत. चीवर मिळते एका भिक्षूला, परंतु त्याचे अनुमोदन करणारे सर्वजण त्या विधीच्या फलाचे भागीदार ठरतात. ऋतू, चौकट, सामूहिक श्रम, दान आणि श्रेयाची वाटणी ही सारी अंगे येथे आहेत. आणि शिवणारे पुरुष आहेत.

पुढील काळातील आपल्या साहित्यात मात्र हे शिवण एकाकी झाले. जसीमुद्दीन यांच्या १९२९ च्या ‘नक्शी काँथार माठ’ या बंगाली काव्यातील साजू परागंदा झालेल्या पतीची वाट पाहत आपल्या संसाराची कथा एकटीच कंथेवर शिवते, आणि ती आपल्या कबरीवर अंथरावी असे सांगून जाते. काव्य म्हणून त्याची थोरवी वादातीत आहे. तथापि त्यातील कंथा ही विरहिणीचे पत्र आहे. चार बायकांनी मिळून केलेले काम नव्हे. मराठी कवितेतील गोधडी याहून वेगळी नाही. ती आईची असते, तिच्यात आईची लुगडी असतात, आणि तिची ऊब हे मातृत्वाचे प्रतीक असते. या भावनेच्या खरेपणाविषयी शंका नाही. पण वस्तुस्थिती अशी आहे की, महाराष्ट्रातील खेड्यांत गोधडी वा वाकळ शिवण्याचा काळ म्हणजे रब्बीची कामे उरकल्यानंतरचा आणि पावसाच्या आधीचा उन्हाळा. अंगणात किंवा ओसरीवर जुने कपडे अंथरून शेजारच्या दोघी-चौघी कडेकडेने बसतात आणि दोरे घालीत आत सरकतात. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, अशी ती फेड असते. बाळंतिणीसाठी, नव्या बाळासाठी, सासरी जाणाऱ्या मुलीसाठी असे तिचे हेतू ठरलेले असतात. शहरांत मजुरी घेऊन गोधड्या शिवून देणाऱ्या स्त्रियाही आहेत, आणि त्यांच्या गोधडीत त्यांच्या स्वतःच्या आईचे लुगडे नसते. हे सर्व ‘आईची माया’ या एका शब्दात भरले की शेजार, मजुरी, जात आणि ऋतू चारही नाहीसे होतात.

महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ आणि यल्लापूर तालुक्यांत, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी स्त्रिया ‘कवंद’ शिवतात. कोकणीशी जवळची बोली बोलणाऱ्या या समाजात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्म आहेत. कवंदीच्या कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांचे ‘फूल’ शिवल्याखेरीज ती पुरी झाली असे त्या मानत नाहीत. बिहारमध्ये मुजफ्फरपूर जिल्ह्यातील भुसुरा गावाच्या परिसरात १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून सुजनी शिवणाऱ्या स्त्रिया संघटित झाल्या. हुंडा, मुलींची उपेक्षा, घरातील मारहाण हे विषय त्यांनी टाक्यांत आणले. २००६ मध्ये सुजनीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. निर्देशांकाने गावाचे आणि कलेचे नाव सुरक्षित झाले. पण एखाद्या विशिष्ट सुजनीवरील कथा कोणत्या स्त्रीने रचली, हे नोंदविणे त्याच्या कक्षेत येत नाही.

६

येथे एक आक्षेप संभवतो. अनामिकता हाच आपल्या लोकपरंपरेचा गुण आहे. नावाचा आग्रह धरणे म्हणजे व्यक्तिवादी पाश्चात्त्य दृष्टी तिच्यावर लादणे होय, असे म्हटले जाईल. हा आक्षेप मला मान्य नाही. अनामिकता ही निवड असते तेव्हा ती गुण असते. दानाची क्विल्ट शिवणारी स्त्री घेणाऱ्याला आपले नाव कळवीत नाही, पण मंडळाच्या वहीत ते असते. आपल्या संग्राहकांनी लोककलेला अनामिक ठरविले ते पुष्कळदा एवढ्याचसाठी की, त्यांनी नाव विचारले नाही. जुन्या बंगालमधील मानदासुंदरी दासीने आपल्या वडिलांसाठी केलेल्या कंथेवर स्वतःचे नाव टाक्यांनी लिहिले होते. ती कंथा गुरुसदय दत्त यांच्या संग्रहात आली म्हणून आज ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे नाव लिहिण्याची इच्छा बाहेरून आणावी लागत नाही.

याचे सर्वांत मोठे प्रमाण मराठीतच आहे. जात्यावरच्या ओव्यांचे अनेक जुने संग्रह विषयवार लावलेले आहेत: माहेर, भाऊ, सासुरवास. ओवी कोणी म्हटली हे त्यांत सहसा सापडत नाही. १९८० च्या दशकापासून हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जो ओव्यांचा संग्रह उभारला, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि त्या म्हणणाऱ्या स्त्रियांची व त्यांच्या गावांची नावे आहेत. या एका निर्णयाने संग्रहाचे स्वरूप पालटले. ‘स्त्रीगीत’ म्हणून ज्याकडे पाहिले जात होते, त्यात अमुक गावच्या अमुक बाईची रचना, तिची विशेष आवड, तिचा राग, तिचे शब्द ओळखू येऊ लागले. समीक्षेला आधी जे दिसत नव्हते ते दिसू लागले, ते सिद्धान्त नवा आला म्हणून नव्हे, तर वहीत एक रकाना वाढला म्हणून.

भारतीय भाषांच्या विभागांकडे माझी मागणी तेवढीच आहे. आपले विद्यार्थी लोकसाहित्याच्या संकलनासाठी गावोगाव जातात. त्यांनी गोधडी, कंथा, सुजनी, कवंद यांच्या कामालाही तोच न्याय लावावा: कोणी शिवली, कोणाबरोबर, कोणत्या महिन्यात, कोणासाठी, मजुरीने की फेडीने, शिवताना काय गायिले व काय सांगितले, आणि नाव लिहू द्यावयाचे आहे की नाही. शेवटचा प्रश्न विसरता कामा नये, कारण नकार देण्याचा अधिकारही कर्त्याचाच असतो. ही माहिती निदान चार-पाच भाषांतून हाती आली, तर सामूहिक कर्तृत्वाविषयी आपण जे बोलतो त्याला आधार मिळेल, आणि समस्यापूर्तीपासून ओवीपर्यंतच्या आपल्या रचनाप्रकारांचा तौलनिक विचार अधिक भक्कम पायावर करता येईल. वाकळी शिवणाऱ्या ज्या स्त्रिया आज सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांना हे प्रश्न विचारण्यास फार वर्षे हाती नाहीत. येत्या उन्हाळ्यात, विद्यापीठांना सुटी आणि शेतांना उसंत असते त्याच काळात, हे काम सुरू व्हावे.